प्रयोगवहीतली दक्षता
(नवलाख उंबरे येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



28 फेब्रुवारीला आपल्या शाळांमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. रामन यांच्या 1928 सालच्या शोधाच्या स्मरणार्थ 1987 पासून तो साजरा होतो. पुढच्या चार-पाच दिवसांतच, 4 मार्चला, इथल्या तळेगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 ची, म्हणून ती तारीख. नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ या पट्ट्यात हे दोन्ही दिवस एकाच घरात साजरे होऊ शकतात. मोठा भाऊ कंपनीच्या आवारात हेल्मेट घालून शपथ घेतो आणि धाकटी बहीण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीचा प्रयोग मांडते. तरीही या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे त्या घरात कोणालाच वाटत नाही. विज्ञान शाळेचे आणि सुरक्षितता कारखान्याची, अशी वाटणी आपण न बोलता करून टाकली आहे. ही वाटणी चुकीची आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. प्रयोगशाळेतली सुरक्षितता हा त्या प्रयोगाच्या ज्ञानाचाच भाग आहे. विद्यार्थ्याला ती कारणासकट शिकवली नसेल, तर त्याला तो प्रयोग अर्धाच शिकवला, असे मी म्हणेन.

पुरावा शोधायला लांब जायला नको. अकरावी-बारावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याची प्रयोगवही उघडा. उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष आणि सगळ्यांत शेवटी 'दक्षता'. या शेवटच्या मथळ्याखाली बहुधा काय असते? वाचन घेताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवावा, ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, उपकरणे स्वच्छ धुऊन घ्यावीत. ही सगळी दक्षता उत्तर बरोबर यावे म्हणून आहे आणि ती आवश्यकही आहे. पण प्रयोग करणाऱ्याचे डोळे, बोटे आणि फुप्फुसे शाबूत राहावीत यासाठीची वाक्ये तिच्यात क्वचितच सापडतात. सापडली तरी ती पाठ करायच्या आज्ञा असतात. 'पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये' हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना येते. का, असे विचारले की गाडी अडते. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या 1.84 पट असते आणि ते पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. आम्लावर पाणी ओतले तर ते हलके असल्यामुळे वरच राहते. दोन द्रव जिथे भेटतात तिथल्या पातळ थरात सगळी उष्णता साठते, पाणी तिथल्या तिथे उकळते आणि वाफेबरोबर आम्ल तोंडावर उडते. उलट आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने सोडले तर ते खाली बुडत जाते आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. एवढे समजले की नियम पाठ करावा लागत नाही. शिवाय घनता, मिश्रणाची उष्णता आणि उष्णतेचे वहन हे अभ्यासक्रमातले तीन मुद्देही एका ओतण्यात समजतात. सुरक्षितता शिकवायला वेळ नाही अशी तक्रार ऐकू येते, म्हणून हे उदाहरण सविस्तर दिले. ती शिकवताना विज्ञान मागे पडत नाही, उलट पुढे सरकते.

कारण न सांगता दिलेला नियम फसतो कसा, हे हायड्रोजन सल्फाइडवरून आणखी स्पष्ट दिसते. क्षारांच्या परीक्षणात, म्हणजे मुले ज्याला 'सॉल्ट अ‍ॅनालिसिस' म्हणतात त्यात, सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू भेटतो. तो हवेत अत्यल्प असला तरी नाकाला कळतो, म्हणून वास हीच सूचना अशी सगळ्यांची समजूत असते. पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या वर गेला की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे थांबते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून खोलीत थांबलेला माणूस त्या क्षणी सर्वाधिक धोक्यात असतो. 'वायूचा वास थेट घेऊ नये' एवढीच सूचना लिहून घेतलेल्या विद्यार्थ्याला हे कधीच कळणार नाही. नाक का फसते हे ज्याला ठाऊक आहे, तो वास नाहीसा होताच खिडकीकडे धावेल.

शाळेतला स्पिरिटचा दिवा तर आपण धोक्याच्या यादीत धरतच नाही. गॅसची जोडणी नसलेल्या शाळांमध्ये आजही बर्नरऐवजी तोच असतो. तास चालू असताना एखादा दिवा मंदावतो आणि कोणी तरी बाटली घेऊन त्यात स्पिरिट ओतायला जाते. दिवा विझवलेला असला तरी त्याची मान आणि वात गरम असते. कधी तो विझलाच नाही हेही दिसत नाही, कारण स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते आणि खिडकीतून ऊन येत असेल तर जवळजवळ अदृश्य असते. अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान साधारण 13 ते 17 अंश सेल्सिअस, मेथॅनॉलचे त्याहूनही थोडे कमी. मावळातल्या थंडीतही दुपारचे तापमान याच्या वर असते. म्हणजे बाटलीचे बूच उघडले की तिच्या तोंडाशी जळू शकणारी वाफ वर्षातले बहुतेक दिवस तयार असते. ज्योत त्या वाफेतून, ओतल्या जाणाऱ्या धारेवरून मागे बाटलीत शिरते आणि बाटलीतला पेटता द्रव समोर बसलेल्यांवर फेकला जातो. दिवा पूर्ण गार झाल्यावर, मुलांपासून दूर, लहान बाटलीतून आणि नरसाळ्यानेच भरायचा, या नियमामागे एवढे सगळे आहे. मोठी बाटली प्रयोगाच्या टेबलावर आणायचीच नाही, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

काचेबद्दल इथे बोलायलाच हवे, कारण काच आणि हा परिसर यांचे नाते जुने आहे. इथून जवळच, तळेगाव दाभाड्यात, 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा या हिशेबाने लोकांकडून निधी जमवला, टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात शिकून आलेला तज्ज्ञ तिथे काम करू लागला. तो कारखाना शाळाही होता. भट्टीपुढे उभे राहून मुले काचकाम शिकत. हाताने काम करून शिकण्याला प्रतिष्ठा देणारा हा आपला वारसा आहे. त्या भट्टीपुढच्या शिकाऊ मुलाला तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असतात, हे पहिल्याच दिवशी शिकावे लागत असणार. आज महाविद्यालयात हे कोणी सांगत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत सामान्य जखमा काचेनेच होतात. रबरी बुचात काचनळी किंवा थर्मामीटर बसवतानाचे दृश्य पाहा. विद्यार्थी एका हातात बूच धरतो, दुसऱ्या हाताने नळी लांबून, वरच्या टोकाशी पकडतो आणि दाबतो. नळी वाकते, मधोमध तुटते आणि दाबाच्या जोरात तुटका काठ बूच धरलेल्या तळव्यात घुसतो. तिथे स्नायुबंध आणि मज्जातंतू असल्यामुळे अशी जखम आयुष्यभर बोट आखडून ठेवू शकते. नळीचे टोक ज्योतीत गोल केलेले हवे, तिला ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावलेले हवे, दोन्ही हातांवर जाड फडके हवे, नळी बुचाच्या अगदी जवळ धरायची आणि दाबायची नाही, फिरवायची. परीक्षानळ्यांचेही तसेच. स्वस्त सोडा काच तापल्यावर बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून तापवलेली स्वस्त नळी गार पाण्याखाली धरली की तडकते. विकत घेताना दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो ज्योतीवर धरल्यावर. खरेदी करणाऱ्याने हे आधी पाहायला हवे.

आता पहिला आक्षेप. विद्यार्थी निष्काळजी असतात, अपघात त्यांच्या धांदरटपणामुळे होतात, त्याला शिक्षण काय करणार, असे अनेक अनुभवी शिक्षक मनापासून म्हणतात. इतिहास मात्र याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्यांचे नाव आपल्या बर्नरला आहे त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी 1843 मध्ये आर्सेनिकच्या एका संयुगाच्या स्फोटात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली. ते धांदरट होते असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातल्या कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. 14 ऑगस्ट 1996 रोजी त्या हवा खेचणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून, त्या काळच्या सगळ्या सूचना पाळून काम करत होत्या. डायमेथिल मर्क्युरीचे थेंब लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. तो पदार्थ लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातो, ही गोष्ट अपघातानंतर केलेल्या चाचण्यांतून कळली. लक्षणे दिसायला महिने लागले आणि जून 1997 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या वागण्यात दोष नव्हता, सगळ्यांच्या माहितीतच उणीव होती. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी शेहरबानो संगजी ही 23 वर्षांची संशोधन सहायक हवेत आपोआप पेट घेणारे रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगावरच्या स्वेटरने पेट घेतला, अ‍ॅप्रन नव्हता, आणि 18 दिवसांनी तिचा मृत्यू झाला. त्या प्रयोगशाळेत लोक अ‍ॅप्रन घालत नाहीत हे विद्यापीठाच्याच तपासणीत दोन महिने आधी नोंदले गेले होते. पुढे विद्यापीठाच्या नियामक मंडळावर आणि प्राध्यापकावर फौजदारी आरोप दाखल झाले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, 29 डिसेंबर 2009 रोजी, आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधक दगावले. देशातल्या सर्वांत शिस्तबद्ध म्हणवणाऱ्या संस्थेत हे घडते, तेव्हा दोष विद्यार्थ्याच्या स्वभावात शोधणे ही आपण स्वतःला दिलेली सूट ठरते. स्वभावावर दोष टाकला की चौकशी तिथेच संपते, आणि पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेच बाटलीचे बूच आणि तीच सिरिंज येते.

दुसरा आक्षेप याहून जास्त ऐकू येतो: इतकी वर्षे प्रयोगशाळा चालू आहे, काही झाले नाही. काही झाले नाही की झालेले कोणी लिहून ठेवले नाही, हा माझा प्रश्न आहे. टेक्सस टेक विद्यापीठात 7 जानेवारी 2010 रोजी एका संशोधक विद्यार्थ्याच्या हातात स्फोटक संयुगाचा स्फोट झाला. त्याची तीन बोटे गेली आणि डोळ्यालाही इजा झाली. एका वेळी 100 मिलिग्रॅमच बनवायचे असे तोंडी ठरले होते, प्रत्यक्षात जवळजवळ 10 ग्रॅम, म्हणजे शंभरपट बनवले गेले होते. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग मला स्फोटाचा वाटत नाही. त्याच गटात त्याआधी दोनदा असेच थोडक्यात निभावले होते आणि त्यांतून कोणी काही शिकले नव्हते, हा तो भाग. आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत अशा 'थोडक्यात वाचलो'च्या घटनांची नोंदवही असते, आणि नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार नाही असे तिथे सांगितलेले असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते ती 'मोडतोड वही'. चंचुपात्र फुटले की विद्यार्थ्याचे नाव लिहायचे आणि पैसे वसूल करायचे. ज्या वहीत नाव लागले की पैसे भरावे लागतात, त्या वहीजवळ कोण सत्य सांगायला जाईल? फुटलेले पात्र मुले कचऱ्यात दडवतात. मग कचरा उचलणाऱ्या मावशींचा हात कापतो. मोडतोड वही हवी तर ठेवा, पण तिच्या शेजारी दंड नसलेली दुसरी वही हवी, आणि महिन्यातून एकदा ती वर्गात वाचली गेली पाहिजे.

इथून प्रश्न कायद्याकडे आणि अधिकाराकडे वळतो. 1948 च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम ठेवले. 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला जिवावर बेतेल असे काही दिसले, तर ते व्यवस्थापनाच्या नजरेला आणण्याचा हक्क मिळाला. आपल्या आरोग्याबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही मिळाला. त्या कायद्याची जागा आता 2020 च्या संहितेने घेतली आहे. पण या सगळ्याच्या केंद्रस्थानी कामगार आहे, विद्यार्थी नव्हे. अमेरिकेचा 1990 चा प्रयोगशाळाविषयक नियमही कर्मचाऱ्यांपुरताच आहे, म्हणजे ही उणीव आपल्याच देशाची नाही. त्याचा अर्थ लक्षात घ्या. बारावी होऊन एखादी मुलगी शेजारच्या कारखान्यात लागली, की पहिल्याच दिवशी तिला तिथल्या धोक्यांची माहिती मिळण्याचा कायदेशीर हक्क असतो. त्याआधीची दोन वर्षे ती संहत आम्ले आणि ज्योत हाताळत होती, तेव्हा असा स्पष्ट हक्क तिच्याकडे नव्हता. कायदा बदलायला वेळ लागेल, पण प्राचार्यांना त्याची वाट पाहायची गरज नाही. 'सर, थांबा, हे मला कळलेले नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा तास वाया गेला असे धरू नये आणि त्याचे गुण कापू नयेत, एवढे लेखी जाहीर केले तरी खूप होईल. आपल्याकडे गुरूपुढे थांबा म्हणणे हे उद्धटपणाचे समजले जाते. हा आदर मला प्रिय आहे. पण शिक्षकाच्या हातूनही चूक होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या आदराला एका प्रश्नाने धक्का लागत नाही.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत गंभीर मानतो त्याकडे येतो, कारण तो चांगल्या हेतूने घेतला जातो. धोक्यांबद्दल इतके बोललात तर शिक्षक प्रयोगच बंद करतील. मुले रसायनाला घाबरतील, आणि आधीच कुलूपबंद असलेल्या प्रयोगशाळा कायमच्या बंद होतील. ही भीती खरी आहे. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप, प्रयोग फळ्यावर आणि निरीक्षणे मार्गदर्शिकेतून उतरवलेली, हे चित्र कोणाला अपरिचित नाही. पण याला सुरक्षितता म्हणणे मला मान्य नाही. अपघात फक्त शाळेच्या आवाराबाहेर ढकलला जातो. मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे 7 जून 2021 रोजी पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून 17 कामगार मेले, त्यांत बहुतेक महिला होत्या. मावळ-मुळशीतल्या गावांमधून अशा कारखान्यांत जाणाऱ्या तरुणांनी ऑक्सिडीकारक पदार्थ म्हणजे काय, तो ज्वलनशील वस्तूजवळ का ठेवत नाहीत, हे शाळेच्या टेबलावर, चिमूटभर प्रमाणात, शिक्षकाच्या देखरेखीखाली पाहिलेले असायला हवे. ते पाहिले नसेल तर पहिला धडा थेट गोदामात मिळतो.

शिक्षकाने करून दाखवायचा आणि मुलांनी फक्त पाहायचा, हा मधला मार्गही वाटतो तेवढा निर्धोक नाही. रंगीत ज्योतींचा, मेथॅनॉलमध्ये क्षार पेटवून दाखवायचा प्रयोग करताना अमेरिकेत 2006 मध्ये ओहायोतली एक विद्यार्थिनी गंभीर भाजली. तिच्या अनुभवावर रासायनिक सुरक्षा मंडळाने 2013 च्या डिसेंबरमध्ये इशाऱ्याची चित्रफीत काढली. ती निघाल्यावर काही आठवड्यांतच, 2 जानेवारी 2014 रोजी, न्यूयॉर्कच्या एका शाळेत तोच प्रयोग करताना पुन्हा एक मुलगा भाजला. दोन्ही वेळा मुले प्रेक्षक होती. तोच प्रयोग नायक्रोम तारेच्या टोकावर क्षाराचा कण घेऊन बर्नरवर केला, तर रंग तेच दिसतात आणि पेटायला मोकळा द्रव उरतच नाही. धोका कमी करण्याची खरी वाट इथे दिसते. प्रयोग ठेवायचा, त्याची रीत बदलायची. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्री. शे. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुले वेल्डिंगपासून विजेच्या जोडणीपर्यंतची कामे स्वतःच्या हाताने करत शिकतात. वेल्डिंग हे परीक्षानळीहून कमी धोक्याचे नाही. फरक असा, की वेल्डिंग करणाऱ्या मुलाच्या हातात पहिल्यांदा मुखवटा येतो आणि तो कशासाठी हे त्याला कळलेले असते. अशा मुलाच्या मनात भीती राहत नाही, असे मी म्हणणार नाही. राहते, पण नेमक्या जागी राहते आणि बाकीच्या वेळी हात मोकळे असतात.

उरतो पैशाचा आक्षेप. ग्रामीण शाळेकडे हवा खेचणारी कपाटे नाहीत, आपत्कालीन शॉवर नाहीत, हे खरे. यातल्या काही गोष्टींसाठी पैसा लागतोच, आणि तो मागायला आपण लाजू नये. पण सर्वांत मोठा फरक पडतो प्रमाणाने. पाच मिलिलिटरचा प्रयोग पाच थेंबांत झाला, तर वायू, उष्णता, उडणारे शिंतोडे आणि टाकाऊ द्रव सगळेच काही पटींनी घटते, आणि रसायनांचा खर्चही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने 1972 पासून तीस वर्षे साध्या, स्वस्त साहित्यावर सरकारी शाळांतल्या मुलांकडून प्रयोग करून घेतले. गरिबी प्रयोगांच्या आड येतेच असे नाही, हे त्याने दाखवून दिले. पाण्याचेही तसेच. डोळ्यात रसायन गेले तर निदान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा उघडा धरून धुवावा लागतो. त्यासाठी नळाला मऊ रबरी नळी आणि टाकीत पाणी एवढे पुरते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी टाकी रिकामी असेल तर त्या दिवशी प्रात्यक्षिक नाही, हे मात्र ठामपणे ठरवावे लागेल. इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. मुले आम्लाला घाबरतात आणि अल्कलीला हलके घेतात. डोळ्याच्या बाबतीत उलट आहे. आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या थरामुळे आम्ल आत शिरायला थोडा अडथळा होतो. अल्कली मात्र पेशींतली स्निग्धता विरघळवत आत आत जाते. घरातल्या चुन्याच्या डबीने लहान मुलांचे डोळे जातात ते याच कारणाने. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या हाताळताना गॉगल का हवा, हे सांगायला चुन्याची डबी पुरे. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, हेही त्याच वेळी सांगता येते, कारण शिंतोडे कडेने येतात.

हे सगळे होईल कधी? ज्याला गुण आहेत ते शिकवले जाते, हे सत्य स्वीकारून मी एक मागणी करतो. बारावीच्या रसायनशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एक प्रश्न त्याने त्याच दिवशी केलेल्या प्रयोगातल्या धोक्यावर विचारावा आणि उत्तरात नियमाला नव्हे तर कारणाला गुण द्यावेत. प्रयोगवहीत 'दक्षता' हा मथळा शेवटून उचलून 'कृती'च्या आधी आणावा. प्रयोगशाळा सहायकाचे पद भरलेले असावे आणि त्यालाही या शिक्षणात धरावे, कारण बाटल्यांवरची चिठ्ठी शाबूत आहे की पुसली गेली आहे, हे शिक्षकाआधी त्याला दिसते.

आणि शेवटी, पुसलेल्या चिठ्ठ्यांच्या त्या बाटल्या. दिल्ली विद्यापीठातले 1985 पासून न वापरलेले एक किरणोत्सर्गी उपकरण 2010 मध्ये भंगार म्हणून विकले गेले. त्यातले कोबाल्ट मायापुरीच्या भंगार बाजारात उघडे पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. आपल्या शाळांत किरणोत्सर्गी उपकरण नसेल. पण फुटक्या थर्मामीटरांचा पारा, सुकून खडे झालेले पिक्रिक आम्ल, नाव गेलेल्या तपकिरी बाटल्या कपाटाच्या तळाशी असू शकतात. सुके पिक्रिक आम्ल धक्क्यानेही फुटू शकते, म्हणून अशी बाटली दिसली तर ती उघडायचीही नाही आणि हलवायचीही नाही. या गोष्टी बेसिनमध्ये ओतल्या तर त्या ओढ्याने इंद्रायणीत जातात. भंगारवाल्याला दिल्या तर त्याच्या घरात जातात. आपल्या जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र आहे आणि तळेगाव एमआयडीसीतले कारखाने असा कचरा नियमाने पाठवण्याची कागदपत्रे रोज हाताळतात. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी आणि मावळातल्या शाळा-महाविद्यालयांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून प्रत्येक कपाटाची यादी करावी. जे हलवणे धोक्याचे आहे ते जाणकारांनी जागेवरच हाताळावे, आणि बाकीचे एका गाडीतून रांजणगावला जावे. 28 फेब्रुवारी आणि 4 मार्च यांच्या मधले दिवस या कामाला पुरतील. या सभागृहात दोन्हीकडची मंडळी आज बसलेली आहेत, तेव्हा उठण्यापूर्वी यादी कोणत्या शाळेपासून सुरू करायची तेवढे ठरवावे, अशी माझी विनंती आहे.